अमेरिकेतल्या कार्डावरून ऑर्डर, माल दुबईला: पाठवू का?

पंचवटीकर: येवल्याच्या पैठण्या मी वेबसाइटवर विकते. काल रात्री अमेरिकेतल्या कार्डावरून एकदम तीन पैठण्यांची ऑर्डर आली. पेमेंट यशस्वी झालंय, पण ओटीपीच्या रकान्यात 'नाही' दिसतंय. माल दुबईला हवाय, तोही तातडीने. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर कार्डाचे पैसे घेऊन देणारी सेवा, म्हणते 'तपासणी सुरू'. पैसे आले, मग आणखी काय तपासतात? सकाळी कुरिअरवाला येतोय.

सातपूरकर: ताई, आधी कुरिअरवाल्याला थांबवा. मी कार्डांच्या जोखीम विभागातच काम करतो. पेमेंट यशस्वी म्हणजे कार्ड चालू आहे, लिमिट आहे आणि बँकेने होकार दिलाय, एवढंच. कार्ड ज्याचं त्यानेच वापरलं, हे त्यात सिद्ध होत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखा दुसरा पडताळा सक्तीचा केला. अमेरिकेत तशी सक्ती नाही. तिथे घर क्रमांक आणि झिप कोड (तिथला पिनकोड) बँकेतल्या नोंदीशी ताडून बघतात. गेटवे आणखी खोलात जातो: ऑर्डर कुठल्या देशातल्या इंटरनेटवरून आली, त्याच मोबाइलवरून आधी किती कार्डं चालवून पाहिली, बिलाचा पत्ता कुठला आणि माल कुठे चाललाय. या सगळ्याचा मिळून जोखमीचा गुण ठरतो.

आणि ओटीपीशिवाय झालेल्या व्यवहारावर खऱ्या कार्डधारकाने तक्रार केली, तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत काढून घेणं, सहसा दुकानदाराच्याच माथी येतो, तोही कधीकधी काही महिन्यांनी. पैसेही जातात आणि पैठण्याही. विणकराचे पैसे तर तुम्ही आधीच मोजलेले असतात, म्हणून कळकळीने सांगतोय.

गंगापूररोड: पण अमेरिकेतली बहीण दुबईच्या भावजयीला लग्नाचा आहेर पाठवत असेल तर? सरसकट संशय घेतला तर चांगलं गिऱ्हाईक तुटतं.

सातपूरकर: अगदी खरं, म्हणून विचारायचं. ताई, फोन करून काठ, रंग, ब्लाउजपीस यांवर बोला. पैठणी घेणारी बाई त्यावर भरभरून बोलते. समोरचा नुसता ट्रॅकिंग नंबरच मागत राहिला तर सावध व्हा. आणि गेटवेवर या ऑर्डरीच्या आधीचे फसलेले प्रयत्न बघा.

पंचवटीकर: बघितले. दहा मिनिटांत दोन वेगवेगळ्या नावांच्या कार्डांना नकार, मग हे तिसरं चाललं. फोन बंद लागतोय.

सातपूरकर: मग ऑर्डर रद्द करून पैसे त्याच कार्डावर परत करा. 'दुसऱ्या खात्यावर पाठवा' असा मेल आला तरी ऐकू नका. गेटवेलाही कळवा, म्हणजे तो ईमेल आणि पत्ता त्यांच्याकडे अडवला जाईल.