मान ‘कट्’ करून घेणं हा उपचार आहे का?

सुदामानगरकर: काल इथे एकानं व्हिडिओ टाकला, फिजिओ मान धरून कट् करतो अन् खाली लिहिलंय, "सरकलेला मणका एका झटक्यात जागेवर, व्यायामाची कटकट नको." अरे बाबा, मणका काय ड्रॉवर आहे का सरकायला? तो आवाज सांध्यातल्या पाण्यात गॅसची पोकळी होते त्याचा, 2015 मध्ये कॅनडात चालू एमआरआयमध्ये बोट ओढून बघितलंय. कंबरेच्या ताज्या दुखण्याला झटक्यानं थोडा आराम पडतो, मान्य. पण मानेच्या मणक्यांतूनच मेंदूकडे धमनी जाते, ती क्वचित फाटते अन् लकवा होतो.

राजवाडा_भिया: व्हिडिओ माझाच. तुम्ही वाचत बसा एमआरआय! गाडी मागे घेताना अख्खं धड फिरवावं लागायचं मला, ऑर्थोवाल्यानं पट्टा अन् गोळ्या दिल्या, पोटाची वाट लागली, इकडे एक कट् अन् मान वळली. बस.

मालूआत्या: पूर्वी आखाड्यातले पहलवान हेच करायचे, तेल लावून, एका नारळावर. आता त्यालाच फिजिओ म्हणायचं अन् नावापुढे डॉक्टर लावायचं.

बीपीटीवाली: आत्या, "त्यालाच" म्हणू नका हं. फिजिओच्या डिग्रीला, बीपीटीला, साडेचार वर्षं घासलीये. चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, हाडं ठिसूळ नाहीत ना, हे सगळं विचारल्याशिवाय आम्ही झटका देत नाही. हातानं सांधा हलवायच्या मेटलँड पद्धतीत पाच पायऱ्या असतात, त्यातल्या पहिल्या चारांत झटका नसतोच, बऱ्याच जणांचं तेवढ्यात भागतं. अन् डॉक्टरचं म्हणाल तर 2025 च्या सप्टेंबरात दिल्लीहून केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाचं पत्र निघालं, फिजिओंनी लावू नका म्हणून, ते दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं.

निवृत्त_कंपाउंडर: मागे घेतलं म्हणजे बरोबर झालं का? पेशंटला कळायला नको समोर कोण बसलंय? आमच्या गल्लीत तर एक्स-रेवालाही डॉक्टरसाहेब आहे!

बीपीटीवाली: दातांचे डॉक्टर लावतात तेव्हा बरं चालतं काका. पाटीवर पुढे फिजिओथेरपिस्ट लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा.

निवृत्त_कंपाउंडर: चष्म्यावर जाऊ नका!

सुदामानगरकर: धागा मानेचा आहे हो. ताई एवढं विचारून करत असतील तर कंबरेपुरता वाद सोडतो, मानेला मात्र हात लावू देणार नाही.

राजवाडा_भिया: नका लावू देऊ, तुमची मान. मला तर व्यायामाचा कागदही दिलाय, फ्रिजवर चिकटवलाय, हनुवटी मागे खेचायची रोज.

सुदामानगरकर: म्हणजे व्यायाम दिलाच होता! मग "कटकट नको" कशाला लिहिलं?

राजवाडा_भिया: रीलमध्ये हनुवटी कोण बघतो भिया.

निवृत्त_कंपाउंडर: विषय बदलू नका. दातवाल्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांची कौन्सिल आहे.

बीपीटीवाली: 2021 च्या कायद्यानं आमच्यावरही देखरेख करणारं राष्ट्रीय कमिशन आहे काका. बोला पुढे.