मदत हवी आहे: पावसाळ्यात व्हॅनमध्ये कॅमेरा कोरडा कसा ठेवायचा?

जुलैत आंबोलीला आठ दिवस एकटीच जाणार आहे. जुन्या ईकोत मागे प्लायचा पलंग केलाय, मुक्काम त्यातच. मलबार ग्लायडिंग फ्रॉगची पाण्यावर लटकणारी फेसाची घरटी टिपायची आहेत, म्हणजे सगळं काम रात्री, भर पावसात.

गेल्या वर्षी तिथेच चार दिवसांत ९० मिमी मॅक्रो लेन्सला बुरशी धरली. टॉर्च लावून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे! साफ करून घेतली, पण पुन्हा ती वेळ नको.

बाहेरून गार झालेला कॅमेरा श्वासाने दमट झालेल्या व्हॅनमध्ये आणला की काच लगेच धुरकटते, हे कळलंय. म्हणून आत येण्याआधीच तो झिप पिशवीत बंद करते. स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीखाली. खिडकी बोटभर उघडी ठेवून पाहिली. पाऊस आणि डास दोन्ही आत. तांदळाच्या डब्याचा प्रयोगही झाला, फक्त लेन्सवर पीठ बसलं. आता रबरी कडेचा हवाबंद डबा, अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घेतलाय. घरी काटा ४५ टक्क्यांवर राहतो, पण आंबोलीत ओला कॅमेरा रोज आत गेला की जेल दोन दिवसांत ओलाव्याने भरून हिरवं पडणार.

ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) घरी आहे, व्हॅनमध्ये मावत नाही. इन्व्हर्टर नाही, फक्त १२ व्होल्टची बॅटरी आणि एका बर्नरची शेगडी. (लॉजवर राहा, हे कृपया सुचवू नका.)

तर कोणी प्रवासात शेगडीवर, कढईत सिलिका जेल भाजून पुन्हा वापरलंय का? आच किती, वेळ किती, आणि दाणे तडकतात का?