2147483647 हा नंबर मुद्दाम प्राइम निवडलाय का?

कुडाळचा_मामा
मंडळी, एक शंका आहे. भाच्याच्या मोबाईल गेममधली नाणी वाढत वाढत 2147483647 वर आली आणि तिथेच अडकली, कितीही खेळला तरी पुढे सरकेनात. त्याने नेटवर शोधलं तर हा प्राइम निघाला, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारा. आता तो म्हणतो कॉम्प्युटरवाल्यांनी मुद्दाम प्राइम घेतलाय, सेफ असतो म्हणून. मला पटत नाही पण खोडायचं कसं? आणि दहा आकडी नंबर प्राइम आहे हे जुन्या लोकांनी ठरवलं तरी कसं? सकाळपासून लाईट नाही, चार्जिंग आहे तोवर सांगा.

दापोली_बिट
मुद्दाम बिद्दाम काही नाही. असे आकडे कॉम्प्युटर बऱ्याचदा 32 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 घरांत ठेवतो. त्यातला एक बिट प्लस-मायनससाठी जातो, उरलेल्या 31 मधे सगळे 1 भरले की झाला हा नंबर, म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. कॉम्प्युटरमधली जुनी 32 बिटी घड्याळं 1970 पासूनचे सेकंद मोजतात, ती 19 जानेवारी 2038 ला सकाळी 8:44:07 ला इथेच पोचतील आणि पुढच्या सेकंदाला थेट मायनसमधे.

गणित_रत्नांग्री
भाच्याला बाकीच्या साइझ बघायला सांग ना. 8 बिटांत 127, प्राइम. 16 बिटांत 32767, त्याला 7 ने भाग जातो. 64 बिटांतला 9223372036854775807, त्यालाही 7 ने जातो. मुद्दाम निवडले असते तर हे दोन कशाला घेतले असते? घातांक 7, 15, 31, 63 असे येतात, त्यात 15 आणि 63 स्वतःच प्राइम नाहीत म्हणून वरचा नंबरही फुटतो. पण घातांक प्राइम आहे म्हणून काम फत्ते असंही नाही हां, 11 घेतलास तर 2047 येतो आणि तो 23 गुणिले 89.

आता जुने लोक. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने 1772 साली हे दाखवलं, तेही कागदावर. वर्गमूळ साधारण 46340, तिथपर्यंतचे प्राइम पावणेपाच हजारांच्या वर, एकेकाने भागत बसला असता तर म्हातारा झाला असता (तसा तेव्हा पासष्टीचा होताच, आणि दिसतही जवळजवळ नव्हतं). पण या नंबरला भाग गेलाच तर तो 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 उरणाऱ्या प्राइमनेच जाणार, हे आधी सिद्ध करता येतं. असे प्राइम शंभरसुद्धा भरत नाहीत, तेवढे तपासले, एकानेही भाग गेला नाही, विषय संपला. मला तरी प्राइम असण्यापेक्षा ही चाळणीच भारी वाटते.

मालवणचो_झील
माका अर्धा समाजला नाय पण वाचूक मजा इली. आता सगळ्यात मोठो खयचो?

गणित_रत्नांग्री
ऑक्टोबर 2024 मधे सापडलेला, 2 चा 136279841 वा घात वजा 1. याच जातीचा, मर्सेन प्राइम. 4 कोटी 10 लाखांवर आकडे आहेत, प्रिंट काढायच्या भानगडीत पडू नको.

कुडाळचा_मामा
भाच्याने 32767 ला 7 ने भागलं, 4681 आले, आता ते फोडत बसलाय. 31 सांगू नका कोणी त्याला.