दुर्लक्ष करा, पण कशाकडे?

'वर्गातल्या आरडाओरड्याकडे दुर्लक्ष केलं तर पोरगा आणखी बिथरतो, म्हणजे उपायच चुकीचा', हे काही शिक्षकांचं म्हणणं मला निम्मंच पटलं. लक्ष मिळेनासं झालं की वर्तन काही वेळा आधी चढतं, मग उतरतं. नेमकं चढतीच्या दिवसांत शिक्षक हात टेकतात आणि मूल शिकतं की जास्त जोरात ओरडलं की काम होतं. पण ते लक्षासाठी ओरडतंय की वहीपासून सुटायला, हे आधी बघा. आठ-दहा दिवस तीन रकाने भरा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच त्याला काय मिळालं. गणिताची वही उघडली की बाक ढकलत असेल, तर वर्गाबाहेर काढणं ही शिक्षा कसली, बक्षीसच! तिथे दहाऐवजी तीन गणितं द्या, न ओरडता, नुसतं दाखवून छोटी सुटी मागायचं कार्ड द्या. चावणं-मारणं असेल तर मात्र दुर्लक्ष नाही. आधी बाकीची मुलं बाहेर न्या.

आपल्या इंदुरातल्या मराठी मुलांची घरी मराठी, वर्गात हिंदी नाहीतर इंग्रजी. भडकलेल्या मुलाला सूचना घरच्या भाषेत, दोन-तीन शब्दांत: 'बस इथे. पाणी पी.' समजावणं नंतर. आणि 'काढून टाका शाळेतून' म्हणणाऱ्यांनी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ वाचावं. आठवीपर्यंत तसं काढता येत नाही.