टेंपल रन २ मध्ये नेमकं नवं काय आहे? खाणीतल्या गाडीत रोज मरतेय, मदत हवी आहे

कासवगती

मंडळी, आधीच सांगते, मी गेमर वगैरे नाही. पण पहिला टेंपल रन, म्हणजे फोनवरचा तो न संपणाऱ्या पळापळीचा खेळ, एके काळी अगदी घासून खेळले होते. दहा लाखांच्या पुढे स्कोअर गेला की त्या दिवशी घरातले माझ्याशी जपून बोलायचे. मग फोन बदलला, खेळ सुटला आणि मध्ये बरीच वर्षं गेली. गेल्या आठवड्यात भाचा राहायला आला होता. जाताना माझ्या फोनवर टेंपल रन २ टाकून गेला. "मावशी, तोच आहे गं, तुला जमेल," म्हणाला.

तो तोच नाहीये.

पहिल्या खेळात रस्ता माझ्या बोटांना पाठ होता. सरळ भिंत, काटकोनात वळण, झाडाचं मूळ आलं की उडी, वरून आग आली की घसरण, परत वळण. इथे रस्ताच वळवळतो. चढ येतो आणि चढापलीकडे काय आहे ते तिथे पोचेपर्यंत दिसत नाही. मी जरा वाकण आलं की बोट फिरवते, तो अडखळतो, मागून पाठलाग करणारं ते माकडाचं धूड येतं आणि खेळ खलास.

त्यातून वाचले तर खाण. रुळांवरच्या ढकलगाडीत बसवतात आणि ती गाडी सतत डावीकडे कलते. डावा रूळ तुटलेला असला की गेलेच. उजवा तुटलेला असेल तर मात्र सुखरूप जाते, त्यामुळे निम्म्या वेळा मला वाटतं की जमलं!

शिवाय ते हिरवे खडे. भाच्याने चाळीसेक जमवून दिले होते, दोन संध्याकाळींत संपले. कुठे गेले कळलंच नाही. आणि स्कोअर जुन्याच्या पाव सुद्धा होत नाही.

तर प्रश्न असा, की जुन्यापेक्षा यात नवं काय आहे ते कुणी नीट सांगेल का? म्हणजे मी कुठे जुन्या सवयीने मार खातेय ते तरी कळेल. आणि हो, मध्ये एक धनुष्यबाणवाली लाल केसांची मुलगी पळायची तो दुसरा भाग होता ना? मग हा तिसरा म्हणायचा का?

उनाड_पोर

पडल्यावर सेव्ह मी (खडे घेऊन पुन्हा जिवंत करणारं बटण) दाबता ना दर वेळी? खडे तिथे गेले. 😀

जुना_पळपुट्या

धनुष्यबाणवाली म्हणजे टेंपल रन ब्रेव्ह, २०१२ चा. तो चित्रपटावरून काढलेला वेगळा खेळ. दुसरा भाग हाच. पहिला ऑगस्ट २०११ मध्ये आयफोनवर आला होता. सुरुवातीला विकत होता, महिना-दीड महिन्यात फुकट केला आणि मग जो उधळला तो उधळला. अँड्रॉइडवाल्यांना मार्च २०१२ पर्यंत कळ काढावी लागली होती. मी त्यांतलाच, मित्राचा फोन मागून खेळायचो. दुसरा जानेवारी २०१३ मध्ये आला आणि दोन आठवड्यांच्या आत ५ कोटी डाउनलोड झाले. कीथ शेफर्ड आणि नतालिया लुकियानोवा या नवरा-बायकोच्या छोट्याशा इमँगी स्टुडिओचं काम आहे हे, मोठी फौज नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही लिहिलंय, "जरा वाकण आलं की बोट फिरवते". मला वाटतं अर्धा आजार इथेच आहे. जुन्या खेळात रस्ता वळायचा तो काटकोनातच, त्यामुळे वळण म्हणजे बोट, एवढं सोपं गणित होतं. नव्यात दोन प्रकार आहेत. एक वाक, जिथे रस्ता नदीसारखा हळूच वळतो. तिथे बोट लावायचंच नाही, पळणारा आपोआप रस्त्याबरोबर वळतो. आणि दुसरं खरं वळण, जिथे समोर रस्ता संपतो. बोट फक्त तिथे. वाकावर बोट फिरवलंत तर तो सरळ कठड्याला धडकणार आणि अडखळणार. एकदा अडखळणं माफ असतं, पण माकड जवळ येतं. ते मागे पडायच्या आत पुन्हा अडखळलात की पकडलंच.

माकडावरून आठवलं, जुन्यात तीन होती. आता एकच आहे, पण तिघांचं वजन एकट्याने घेऊन फिरतंय.

चढापलीकडचं दिसत नाही ही तक्रार बरोबर आहे. ते मुद्दामच केलंय. जुना खेळ सपाट होता, लांबूनच सगळं दिसायचं, म्हणून आपण सगळे त्या गड्याच्या पायाकडे बघून खेळायला शिकलो. इथे नजर पायावरून काढा. स्क्रीनच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे ठेवा. पायांचं पाय बघून घेतात. दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग बसतं.

बाकी नवं म्हणजे दोरीवरून घसरत जाणं, धबधबे, खाण. दोरी ही विश्रांती समजा, तिथे धडकायला काही नसतं, फोन कलवून नाणी गोळा करा आणि श्वास घ्या. खाणीचं दुसऱ्या कुणीतरी सांगा, मलाही ती आवडत नाही.

कासवगती

वाक आणि वळण! हे कुणी सांगितलंच नव्हतं. भाचा नुसता "बघून खेळ ना" म्हणतो. आत्ता जाऊन बघते.

ता. क. : त्या गड्याचं नाव गाय डेंजरस आहे हे मला आज कळलं. मी इतकी वर्षं त्याला 'तो' म्हणत होते. आमच्याकडे आता सगळे 'धोकादायक गाय' म्हणतायत.

मधली_सुट्टी

कासवगती ताई, एक विचारू? तुम्ही खेळता कशा? बसून की आडव्या पडून?

कासवगती

आडवी. रात्री सगळं आवरलं की. डाव्या कुशीवर. का हो?

मधली_सुट्टी

हाहा, मग गाडीचा काही दोष नाही.

पळणारा डावी-उजवीकडे सरकतो तो फोन कलवल्यावर, बरोबर? फोनला खाली कुठे आहे ते आतल्या सेन्सरवरून कळतं, जमिनीच्या ओढीवरून. तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. तुम्ही डाव्या कुशीवर झोपून फोन डोळ्यांसमोर सरळ धरता तेव्हा तुमच्या दृष्टीने तो सरळ असतो, पण त्याची डावी कड जमिनीकडे असते. खेळाला वाटतं की या बाईंनी फोन पार डावीकडे कलवलाय. म्हणून गडी रस्त्याच्या डाव्या कडेने पळतो आणि गाडी डावीकडे झुकते.

बाहेर पळताना हे फारसं नडत नाही, कडेकडेने पळूनही माणूस जगतो, फक्त उजवीकडची नाणी सुटतात. (सुटतात ना?) खाणीत मात्र गाडी चालवायची ती कलवूनच. एका बाजूचा रूळ तुटलेला दिसला की दुसऱ्या बाजूला झुकायचं. तुम्ही कायमच्या डावीकडे झुकलेल्या, त्यामुळे डावा तुटला की खाली.

उठून बसा आणि एकदा खेळा. बास.

कासवगती

नाणी सुटतात हो. मला वाटायचं उजवीकडची नाणी नुसती शोभेला आहेत.

कासवगती

बसून खेळले. पहिल्यांदाच खाणीच्या बाहेर आले!! बाहेर उजेड आहे हो!

दुसऱ्या फेरीत आडव्या तुळईवर डोकं आपटलं, पण ती चूक माझी. झुकण्याच्या नादात वाकायचं विसरले. जुना खेळ मी कामाच्या ठिकाणी मधल्या वेळेत खुर्चीत बसून खेळायचे, तेव्हा हा प्रश्न आलाच नसावा.

उनाड_पोर

मधली_सुट्टी दादा, तुमची फी किती? 🙏

जुना_पळपुट्या

अफाट. मी धागा वाचून फोन डावीकडे कलवून खाणीत गेलो, तसाच मेलो. निदान पक्कं.

गुणाकार

खड्यांचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. सेव्ह मी एकाच फेरीत पुन्हापुन्हा वापरलं की किंमत दर वेळी दुप्पट होते. पहिल्यांदा १, मग २, मग ४, ८, १६. म्हणजे एका फेरीत पाच वेळा उठलात तर ३१ खडे गेले. चाळीस खडे दोन संध्याकाळींत संपले यात नवल नाही, ते एका फेरीतही जवळजवळ संपले असते. पण तेच चाळीस एकेका फेरीत एकेकदाच वापरले असते तर चाळीस फेऱ्या पुरले असते.

माझा नियम: पहिल्या पडण्याला एक द्यायचा, दुसऱ्याला फेरी खरंच चांगली चालली असेल तरच. तिसऱ्यांदा पडलो की गुमान घरी जायचं. आणि पाचव्या सेकंदाला पडल्यावर सेव्ह मी दाबणाऱ्यांना तर... जाऊ दे, मीही दाबलंय. ते बटण समोर येतं तेव्हा विचार करायला वेळच देत नाहीत, अंगठा आपोआप जातो.

स्कोअरचं कारणही साधं आहे. स्कोअर म्हणजे नुसतं अंतर नाही, अंतराला गुणक लागतो. जुन्या खेळात एकेक उद्दिष्ट पुरं केलं की गुणक एकाने वाढायचा आणि तुम्ही ते वर्षभर वाढवत नेलं असणार. ती कमाई इकडे येत नाही, दोन्ही खेळ स्वतंत्र आहेत. इथे शून्यापासून सुरुवात आहे. त्यामुळे जुन्या आकड्याशी तुलना करून जीव जाळू नका. तेवढंच अंतर पळालात तरी आज आकडा लहानच दिसणार.

उद्दिष्टं इथेही आहेत, एका वेळी तीन दिसतात. ती पुरी करत गेलं की लेव्हल वाढते आणि बक्षीस मिळतं. ती वाचा. बहुतेक लोक वाचतच नाहीत. "नाणी न उचलता अमुक अंतर पळा" अशा छापाचं काही असतं आणि आपण हावरटासारखे नाणी उचलत बसतो.

कासवगती

गुणाकार, तुम्ही मला आरसा दाखवलात. पाचव्या सेकंदाला दाबणारी मीच ती.

अजून एक राहिलं. स्क्रीनवर दोनदा टकटक केलं की जुन्यात पंख लागायचे, मेलं की जिवंत व्हायचं. इथे टकटक करते तर पंख येत नाहीत, कधी काहीच होत नाही, कधी एकदम ढाल येते. पंख काढून टाकलेत का?

जुना_पळपुट्या

पंख गेले. ५०० नाण्यांना मिळायचे, काय स्वस्ताई होती. त्यांची जागा आता खड्यांनी घेतली, फरक एवढाच की पंख आधी लावायला लागायचे आणि खडे मेल्यावर द्यायचे.

दोनदा टकटक आता पॉवरसाठी आहे. नाणी उचलाल तसा मीटर भरतो, भरला की टकटक करून ती वापरायची. ढाल, चुंबक, बूस्ट, यांपैकी जी लावली असेल ती. भरलेला नसताना टकटक केलंत तर काही होत नाही, आणि भरल्याक्षणी जुन्या भीतीने टकटक केलंत तर मोकळ्या रस्त्यावर ढाल वाया जाते. तुमचं तेच चाललंय. मीटर भरला की हात आवरा. आग, फिरती चाकं असलं काही एकापाठोपाठ दिसायला लागलं की मग वाजवा. आणि ढाल धडकण्यापासून वाचवते, दरीत पडण्यापासून नाही. वळण चुकलात तर ढालीसकट खाली.

मधली_सुट्टी

याला अनुमोदन. नाणी कुठे खर्चावी यावर मात्र इथे मारामारी होईल. मी म्हणतो आधी चुंबकाचा कालावधी वाढवा, म्हणजे पुढची नाणी आपोआप येतात.

गुणाकार

साफ चूक. आधी स्कोअरचा गुणक.

मधली_सुट्टी

नाव बघूनच कळलं होतं.

उनाड_पोर

नवीन पात्रं घ्या हो, कपडे मस्त आहेत. मी सगळी नाणी त्यावरच घालवतो.

जुना_पळपुट्या

या दोघांचं भांडण सुटेपर्यंत ताई, नकाशा बदलू नका एवढंच सांगतो. पुढे बर्फातला फ्रोझन शॅडोज, वाळवंटातला ब्लेझिंग सँड्स असे रस्ते आलेत, दिसतात छान. पण हात बसेपर्यंत मूळचा स्काय समिटच बरा. दर वेळी वेगळे अडथळे शिकत बसलात तर वाक आणि वळणाचा फरक अंगवळणी पडायचाच नाही.

कासवगती

ठरलं. स्काय समिट, बसून, एका फेरीत जास्तीत जास्त दोन खडे, मीटर भरला तरी हात मागे. चुंबक की गुणक ते तुम्ही ठरवा, तोवर मी नाणी साठवते. भाच्याला फोन करून सांगितलं की गाडी का कलायची, तर म्हणतो, "मावशी, हे मला माहीत होतं." मग सांगितलं का नाहीस मेल्या!

फक्त एकच दुःख आहे. दिवसभर बसून झाल्यावर रात्री पुन्हा बसायचं जिवावर येतं.

मधली_सुट्टी

उताणं पडून चालेल की. फोन तोंडाच्या बरोबर वर धरा, मग डावी-उजवी दोन्ही कडा सारख्या उंचीवर येतात आणि कलवणं नीट चालतं. फक्त डुलकी लागली तर तो नाकावर पडतो.

कासवगती

काल रात्री उताणं पडून खेळले. खाण तीनदा पार. नाकाचं तुम्ही खरं सांगितलं होतंत.