मदत हवी आहे: ॲम्बेसेडरच्या इंजिनाला पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात ओढू देणारी झडप)

जुनी ॲम्बेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल, एकच एसयू कार्बोरेटर. हायवेवरून आलं की बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाखाली) तेल ठिबकतं. या इंजिनाला मागे रबरी सील नाही, क्रँकवरचे आटेच तेल परत आत लोटतात. आत दाब साचला की गळणारच.

रिंगा ठीक आहेत, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं. टॅपेट कव्हरची ब्रीदर नळी (आतला दाब बाहेर सोडणारी) रॉकेलने धुतली, कॉर्कची पॅकिंगं बदलली. फरक किरकोळ. इंजिन उतरवायचं नाही, मॅनिफोल्डला (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळकांड्याला) भोकही पाडायचं नाही. (मिस्त्री म्हणतात, "गळू दे, जुन्या गाड्या गळतातच." ते नको!)

ॲम्बेसेडरचं इंजिन ब्रिटिश बी-सिरीजचं; त्याच सिरीजच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारला १९६४ पासून बंद ब्रीदिंग (वाफ बाहेर न सोडता परत इंजिनात) आलं, तसंच करावं म्हणतो: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये स्पेसर, त्यातून नळी काढून मध्ये व्हॉल्व्ह, आणि ताजी हवा रॉकर कव्हरच्या झाकणातून.

८०० सीसी गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह इथे पुरेल का? झाकणाचं भोक किती ठेवायचं? आणि आयडलला मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं तर कार्बोरेटरच्या जेटचा नट फिरवून भागतं, की पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुईच बदलावी लागते?