मदत हवी आहे: लिंबू-दह्याशिवाय हिरवी चटणी (ठाणे)

घरात लो-हिस्टामिन आहार चालू आहे (हिस्टामिन म्हणजे अन्नात असणारं एक रसायन, काहींना ते सोसत नाही). टोमॅटो, वांगं, पालक, दही, लोणचं बंद. शिळंही नाही, ठेवलेल्या अन्नात जिवाणूंमुळे हिस्टामिन वाढतं आणि परत उकळूनही जात नाही. त्यामुळे सगळी चव ताज्या पाल्यावरच.

जांभळी नाक्यावरची कोथिंबीर धुऊन, कापडावर पूर्ण सुकवून, १ वाटीला पाव वाटी पुदिना, २ चमचे तेल, मीठ असं वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये लगेच फ्रीझरला. पाणी घातलं तर वितळल्यावर चव पांचट लागते.

लिंबूही सोसत नाही. मग आंबटपणा कशाने आणायचा? कोकम, कैरी कुणाला सोसली का? किती प्रमाणात? आणि बाल्कनीतला थाईम पावसात मुळाशी कुजतो, मातीत वाळू किती मिसळावी?